सगळ्या साळुंक्या एकाच घडावर

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका तासगाव तालुक्यातली आहे. यंदा तिची बारावी सायन्स झाली. सीईटीच्या पर्सेंटाइलवर सांगली परिसरात कॉम्प्युटर किंवा आयटीला नंबर लागेल असं तिला वाटतं, पण तिला गेम बनवायचे आहेत. पुण्यातल्या एका खासगी संस्थेत गेम प्रोग्रॅमिंगचा तीन वर्षांचा कोर्स आहे. फी आणि राहणं-खाणं धरून अकरा लाखांच्या घरात खर्च जातो आणि माहितीपत्रकावर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ छापलंय. घरी अडीच एकर द्राक्षबाग. यंदा अवकाळीनं मणी फुटले, व्यापाऱ्यानं दर पाडला, बराचसा माल बेदाण्याला टाकावा लागला. तरी पप्पा म्हणतात, बागेवर कर्ज काढू. चुलते म्हणतात, ‘गेम म्हणजे जुगार, सरकारनं बंदी घातलीय, पोरीला कुठं घालताय?’ चुलतभावाच्या जुन्या लॅपटॉपवर तिनं गोडो हे इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) वापरून एक गेम अर्धवट केलाय: बागेत साळुंक्या येतात, डबा वाजवून त्यांना हाकलायचं. पण सगळ्या साळुंक्या एकाच घडावर एकमेकींत घुसून बसतात आणि आईच्या फोनवर अगदी हळू उडतात. ती विचारते: ‘मला गणिताचा कंटाळा आहे आणि इंजिनिअरिंगला गेमचा एकही विषय नाही. तिथं चार वर्षं घालवली तर इंडस्ट्री मला घेईल का? की आत्ताच गेमचं कॉलेज धरू?’

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा साळुंक्यांपाशी थांबलो. फी, कर्ज, चुलत्यांचं बोलणं यावर तू दोन पानं लिहिलीस. साळुंक्यांवर शेवटी चारच ओळी, आणि त्याही ‘कॉलेजात गेले की हे शिकवतीलच’ म्हणून सोडून दिल्यास. मी सांगलीत बावीस वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवलं. तुझ्या पत्रातल्या सगळ्यात मोलाच्या ओळी त्याच चार आहेत, म्हणून आधी तिथूनच सुरू करतो.

साळुंक्या एकमेकींत का घुसतात? तू प्रत्येकीला एकच गोष्ट सांगितली आहेस: घड गाठ. शेजारणीपासून अंतर राखून बस, हे कुणीच सांगितलेलं नाही. बागेतल्या खऱ्या साळुंकीला ते सांगावं लागत नाही, कॉम्प्युटरमधल्या साळुंकीला लागतं. क्रेग रेनॉल्ड्स या अमेरिकन प्रोग्रॅमरनं १९८७ मध्ये नेमक्या याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या पाखरांना तीनच नियम होते: शेजाऱ्याला धडकू नका, शेजारी जिकडं चाललेत साधारण तिकडं चला, आणि आसपासच्या थव्याच्या मध्याकडं सरका. एवढ्यावर पडद्यावर खरा वाटावा असा थवा उडायला लागला. तुला सध्या पहिला नियम पुरे. प्रत्येक साळुंकीनं स्वतःच्या जागेतून जवळच्या शेजारणीची जागा वजा करायची. जो व्हेक्टर, म्हणजे दिशा आणि लांबी असलेला बाण, येईल तो शेजारणीपासून लांब नेणारा असतो. शेजारीण जितकी जवळ, तितकं त्याचं वजन वाढवायचं. सगळ्या शेजारणींचे असे व्हेक्टर मिळवायचे आणि उडण्याच्या वेगात घालायचे. हे व्हेक्टर बारावीच्या गणिताच्या पुस्तकातलेच आहेत. ज्या गणिताचा तुला कंटाळा आहे, त्यातलेच.

आईच्या फोनवर पाखरं हळू का उडतात, तेही सांगतो. तू साळुंकीला दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या प्रत्येक चित्राला, ठरावीक पिक्सेल पुढं सरकवत असणार. लॅपटॉपवर सेकंदाला ६० फ्रेम होत असतील आणि फोनवर ३०, तर फोनवर तिचा वेग निम्मा होणारच. ती किती सरकणार हे फ्रेमवर नको, वेळेवर ठरू दे: वेग गुणिले मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. गोडो हा वेळ तुला ‘डेल्टा’ या नावानं आयता हातात देतो.

आता पुढची गोष्ट, आणि तुझ्या प्रश्नाचा गाभा मला इथं दिसतो. समज बागेत ५० साळुंक्या आहेत. प्रत्येकीनं बाकीच्या ४९ जणींपासूनचं अंतर बघायचं, म्हणजे एका फ्रेमला २,४५० वेळा मोजणी. चालून जाईल. आता ५०० कर. मोजणी २,४९,५०० वर गेली. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर दीड कोटीच्या आसपास. साळुंक्या दहापट झाल्या आणि काम शंभरपट झालं. आणि ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला तुझ्याकडं सतरा मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ आहे. त्यातच चित्रं काढायची, डब्याचा आवाज वाजवायचा, बोट कुठं टेकलं ते बघायचं. साधा फोन इथं दमतो. मग काय करायचं? पडद्याचे चौकोन पाडायचे, उभे दहा, आडवे दहा. प्रत्येक साळुंकीनं आपला चौकोन आणि भोवतीचे आठ, एवढेच बघायचे. थवा सारखा पसरलेला असेल तर एका चौकोनात सरासरी पाच, म्हणजे नऊ चौकोनांत पंचेचाळीस जणी. अडीच लाखांची मोजणी साडेबावीस हजारांवर येते. (सगळ्या एकाच घडावर बसल्या तर हा फायदा जातो. का जातो, याचा विचार तूच कर.)

माहिती कशी मांडायची आणि काम कमी पायऱ्यांत कसं उरकायचं, या विषयाला डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम म्हणतात. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला तो साधारण दुसऱ्या वर्षी येतो. ‘गेमचा एकही विषय नाही’ हे नावापुरतं खरं आहे. पण मॅट्रिक्सचं गणित म्हणजे कॅमेरा वळवणं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे गेम मधेच अर्धा सेकंद का अडकतो त्याचं उत्तर. नेटवर्क म्हणजे दोन फोनवर दोन मैत्रिणी एकच बाग राखत असतील आणि एकीचा निरोप उशिरा पोचला, तर साळुंकी नक्की कुणी हाकलली हे ठरवणं. पाटी वेगळी असली तरी आत हाच माल आहे.

हे पप्पांना माझ्यापेक्षा चांगलं कळेल. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बागेत एक घड दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं नुसता पाला वाढलाय. पण ऑक्टोबर छाटणीनंतर जो घड बाहेर येतो, तो त्या उन्हाळ्यातच काडीत धरलेला असतो. उन्हाळ्यात काडीची हेळसांड झाली तर ऑक्टोबरनंतर कितीही औषधं मारली तरी घड येत नाही. कॉलेजची पहिली दोन वर्षं मला तशी वाटतात.

म्हणून इंजिनिअरिंगला गेलीस की काम झालं, असं मात्र मी म्हणणार नाही. तिथं तुला गेम कुणी शिकवणार नाही. जर्नलं, सबमिशन, हजेरी यात बराच वेळ जाईल. काही विषय फक्त पास होण्यापुरते करावे लागतील. डेटा स्ट्रक्चरसुद्धा पुष्कळदा फळ्यावरच शिकवलं जातं, आणि दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाठ करून पोरं त्यात पास होतात. मी स्वतः वर्षानुवर्षं तसंच शिकवलं आणि त्याची मला खंत आहे. साळुंक्यांचा चौकोन वर्गात आणला असता तर किती पोरांना तो विषय आपला वाटला असता. तुझ्याकडं ती बाग आधीच आहे. प्रत्येक धडा तिच्यावर लावून बघायचा, ही जबाबदारी तुझी राहील. ही शिस्त चार वर्षं एकटीनं टिकवणं जमेल का, याचा विचार मात्र खरंच कर. काहींना ते जमत नाही आणि त्यात कमीपणाही नाही.

पुण्याच्या संस्थेकडंही याच नजरेनं बघ. चांगल्या गेम कोर्सची खरी ताकद वेगळीच असते. तिथं चित्रं काढणारी, आवाज करणारी, डिझाइन करणारी मुलं शेजारी बसलेली असतात आणि त्यांच्याबरोबर भांडत-समजावत एक गेम मुदतीत पुरा करावा लागतो. हे सांगलीतल्या वर्गात सहज मिळत नाही. पण अशी संस्था माहितीपत्रकावरून ओळखता येत नाही. पप्पांना घेऊन एक दिवस तिथं जा. स्वागतकक्षातल्या बाईंशी बोलून परत येऊ नकोस. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चार मुलांशी बोलणं करून द्या म्हणावं, आणि ती चार मुलं आपण निवडू. त्यांनी पुरे केलेले गेम फोनवर टाकून खेळून बघ. सी प्लस प्लस ही प्रोग्रॅमिंगची भाषा कोण शिकवतं, त्या माणसानं स्वतः कोणता गेम बाहेर काढलाय, ते विचार. इंजिन न वापरता मुलांकडून काही लिहून घेतात का, तेही विचार. शेवटी मिळणारा कागद मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी आहे की संस्थेचं प्रमाणपत्र? उद्या एमएस्सी किंवा एमसीए करायचं झालं तर चालेल का? आणि ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणजे कोणतं काम? गेम खेळून चुका शोधणाऱ्या टेस्टरची नोकरीही प्लेसमेंटमध्येच मोजली जाते. ते काम कमी प्रतीचं नाही, त्यातून पुढं गेलेले लोक आहेत. पण प्रोग्रॅमरची जागा समजून अकरा लाख भरायचे आणि हाती दुसरंच यायचं, असं होऊ नये. यातल्या एकाही प्रश्नाला ते कागदावर उत्तर देत नसतील तर त्याच गाडीनं परत या.

पैशाबद्दल एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठंच आली नाही, म्हणून ठळकपणे सांगतो. महाराष्ट्र सरकारनं २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. त्यासाठी कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, प्रवेश हवा, मुलगी ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) किंवा ओबीसी प्रवर्गातली हवी आणि घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं. तू प्रवर्ग लिहिलेला नाहीस, पण या अटींत बसत असशील तर तुलना चार वर्षांच्या फीची आणि अकरा लाखांची राहतच नाही. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला हे लागू नाही आणि पुण्याच्या त्या खासगी कोर्सला तर नाहीच. उत्पन्नाचा दाखला, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला, नॉन क्रिमी लेअर, यातलं जे लागतं ते आजच तहसीलला जाऊन मागायला टाक. मुदतीच्या आदल्या दिवशी दाखल्यासाठी रडणाऱ्या मुली मी दरवर्षी बघतो. आणि विश्रामबागेतलं वालचंद असो, साखराळ्याचं आरआयटी असो की कऱ्हाडचं शासकीय महाविद्यालय, पसंतीक्रम लावताना शाखेच्या नावातल्या नव्या शब्दांना भुलू नकोस. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून बघ.

बागेवर कर्ज काढायला मी नको म्हणेन. हे पप्पांच्या मायेला नको म्हणणं नाही. ज्या वर्षी माल बेदाण्याला गेला, त्या वर्षी एकुलत्या उत्पन्नावर बोजा चढवला तर तिसऱ्या वर्षी तुझं लक्ष कोडपेक्षा आभाळाकडं राहील. तुला कोर्स धरायचाच असला तर बँकेचं शैक्षणिक कर्ज कोणत्या अटीवर मिळतं ते विचारा. बँक त्या संस्थेला कर्ज द्यायला का-कू करते का, यावरूनही पुष्कळ कळतं.

चुलत्यांवर रागावू नकोस. त्यांनी बातमी ऐकली ती खोटी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली. रमीच्या ॲपवर पैसे घालवलेली घरं आपल्याच गावात आहेत, ती त्यांनी बघितली असतील. पण त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायच्या गेमना प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय. तुझा साळुंक्यांचा गेम कुठल्या बाजूचा, हे त्यांना तो खेळायला देऊन दाखव. भाषणापेक्षा ते लवकर पटेल.

इंडस्ट्री घेईल का? तिथं काय चाललंय ते आधी ऐक. पुण्यात गेमचं काम आहे, ही ऐकीव गोष्ट नाही. युबिसॉफ्टसारख्या मोठ्या परदेशी कंपनीचा स्टुडिओ तिथं अनेक वर्षं आहे. २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान चमूनं केला आणि तो जगभर खेळला गेला. पण जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपल्या गेमिंग विभागातून १,९०० माणसं एका झटक्यात कमी केली, हेही तेवढंच खरं आहे. या धंद्यात गेम चालला तर भरती आणि पडला तर कपात असते, आणि नव्या मुलांसाठी जागा आयटीपेक्षा कितीतरी कमी असतात. म्हणून मला कॉम्प्युटरची पदवी जवळची वाटते. गेमची जागा मिळायला दोन वर्षं लागली तर मधल्या काळात तू गाडीच्या डॅशबोर्डचा पडदा, इमारतींचं थ्रीडी दर्शन, प्रशिक्षणाचं सिम्युलेटर अशा कामात राहू शकतेस. युनिटी आणि अनरिअल ही इंजिनं तिथंही चालतात. गेमपुरताच शिकवलेला मुलगा तिथं अडखळतो.

‘घेईल का’ या शब्दांतच एक समजूत दडलीय की दारावर कुणीतरी पदवीचं नाव बघून आत सोडतं. माझी एक विद्यार्थिनी, मिरजेकडची, मेकॅनिकलची. आज पुण्यात गेमप्ले प्रोग्रॅमर आहे. मुलाखतीत तिनं एक लहानसा गेम दाखवला. समोरच्यांनी तो दोन मिनिटं खेळला आणि पुढची चाळीस मिनिटं एका फाइलवर प्रश्न विचारले. हे असं का लिहिलंस? इथं अ‍ॅरे (ओळीनं मांडलेली यादी) का वापरलास? शत्रू शंभरपट झाले तर काय मोडेल? तिला प्रत्येक ओळीचं उत्तर देता आलं, कारण ती ओळ तिनं स्वतः तीनदा मोडून लिहिली होती. व्हिडिओ बघून जसाच्या तसा उतरवलेला मोठा गेम या प्रश्नांना टिकत नाही. इंजिनिअरिंग न मिळालेल्या मुलांनीही हे लक्षात ठेवावं. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा बीसीए करूनही हे होतं. बीसीएला आता महाराष्ट्रात सीईटी आहे, तिची तारीख तेवढी चुकवू नका.

इंजिनिअरिंग धरलंस तर पहिल्या वर्षी सी प्लस प्लस पक्कं कर, आणि गिट शीक. केलेला प्रत्येक बदल नोंदून ठेवायचं आणि हवं तेव्हा मागं जायचं ते साधन आहे. स्टुडिओत पहिल्या दिवसापासून लागतं. गोडो सोडू नकोस. ते फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर चालतं. युनिटीला सी शार्प लागतं, अनरिअलला सी प्लस प्लस. त्यातलं एक तिसऱ्या वर्षी धर. दोन्हींच्या मागं लागून दोन्हीत कच्ची राहू नकोस. दरवर्षी जानेवारीच्या शेवटी ग्लोबल गेम जॅम होतो, मोजक्या दिवसांत अनोळखी माणसांबरोबर एक गेम पुरा करायचा. पुण्याच्या वर्गात जे सोबती मिळाले असते, त्यातले काही इथं भेटतील. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट गेमचाच घे, आणि गाइड नाही म्हणाले तर त्यांना साळुंक्यांचा चौकोन समजावून सांग. घरून एसटीनं ये-जा केलीस तर खोलीभाडं वाचतं. त्या पैशातून बरा लॅपटॉप घे, पण दुसऱ्या वर्षाआधी नको. तोवर जुना पुरतो, आणि जुन्या मशिनवर गेम पळवायला शिकलेली मुलगी पुढं फोनसाठी नीट लिहिते.

एक प्रश्न तू मला विचारला नाहीस, तो मी तुला विचारतो. रोज रात्री तीन तास खेळतेस असं लिहिलंस. साळुंक्या घडावर अडकल्या त्या रात्री तू लॅपटॉप मिटलास आणि खेळायला बसलीस, की झोपेतही त्या दिसत होत्या? खेळायची आवड आणि बनवायची आवड एकाच माणसात असू शकतात, पण एक असली की दुसरी असतेच असं नाही. बनवणाऱ्याचा दिवस बहुतेक वेळ काहीतरी का चालत नाही हे शोधण्यात जातो. याचं उत्तर मला कळवायची गरज नाही. तुला कळलं की पुरे.

पसंतीक्रम भरायच्या मुदतीला अजून थोडे आठवडे आहेत. तोवर हा गेम संपव. वाढवू नकोस. एकच पडदा, तीस साळुंक्या, दोन मिनिटांचा वेळ, वर गुण, शेवटी ‘पुन्हा खेळा’चं बटण. मग तो आईला, चुलत्यांना आणि छाटणीला येणाऱ्या एखाद्या बाईंना दे आणि शेजारी गप्प बस. डबा कुठं आहे हे त्यांना सापडलं नाही तर सांगू नकोस, वहीत लिही आणि रात्री दुरुस्त कर. हे आठवडे तुला जड गेले आणि तरी सोडवेना, तर पुण्याला जायच्या आधी जवळचं कॉम्प्युटरचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर लाव. तीस साळुंक्या वेगवेगळ्या घडांवर बसल्या की मला पुन्हा लिही. शेजारणीपासून किती अंतर ठेवलंस आणि तोच आकडा का, तेवढं सांग.